भिन्न कार्यप्रणालींच्या संगणकांतील सामायिक फोल्डर: 'उघडत नाही' या लक्षणाचे निदान

कीड सर्वेक्षणात शेतातील निरीक्षणाइतकेच महत्त्व त्या निरीक्षणाची नोंद योग्य व्यक्तीपर्यंत वेळेत पोहोचण्याला असते. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही दाखल झाली. अशा नव्या किडीची ओळख पटविताना डोक्यावरील उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण, शेपटीकडील आठव्या उदरखंडावर चौरसात मांडलेले चार गडद ठिपके, अशा बारीक खुणा पाहाव्या लागतात. त्यासाठी मूळ छायाचित्र हवे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले छायाचित्र आकसते आणि त्यातील स्थळकाळाची नोंदही गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास मूळ फाइल जाते हे खरे. परंतु एका हंगामातील हजारो छायाचित्रे आणि सर्वेक्षणाचे तक्ते अशा रीतीने हाताळणे शक्य नसते. म्हणून कृषी विज्ञान केंद्रे, तालुका कार्यालये आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्याही एका संगणकावरील फोल्डर इतरांना खुले करून देण्याची सोय वापरतात. यालाच सामायिक किंवा शेअर्ड फोल्डर म्हणतात.

सर्व संगणक एकाच जातीचे असतील तर ही सोय बहुधा विनातक्रार चालते. प्रत्यक्षात तसे क्वचितच असते. कार्यालयाचा संगणक विंडोजचा, नव्या संशोधक साहाय्यकाचा लॅपटॉप उबंटू लिनक्सचा, काही शासकीय कार्यालयांत सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सचीच भारतीय आवृत्ती, एखाद्या सहकाऱ्याचा मॅक, आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेला, कोणीही हात लावू नये असा विंडोज एक्सपीचा वृद्ध संगणक. बेंगळुरूतील आमच्या प्रयोगशाळेत या सर्व जाती एकाच खोलीत नांदतात. त्यांच्यात फोल्डर उघडेनासा झाला की जो गोंधळ उडतो, तो मी गेली काही वर्षे जवळून पाहत आले आहे. माझे शिक्षण कीटकशास्त्राचे आहे, संगणकाचे नाही. पण हा प्रश्न मुळात निदानाचा आहे आणि निदान हा आपल्या सर्वांचाच व्यवसाय आहे.

कपाशीचे पान लाल पडले, एवढ्यावरून कोणताही अनुभवी विस्तार कार्यकर्ता औषध सांगत नाही. तो पान उलटून तुडतुडे पाहतो, जमिनीतील ओल पाहतो, मॅग्नेशियमची कमतरता आहे का याचा विचार करतो. 'फोल्डर उघडत नाही' हेही असेच लक्षण आहे. त्यामागे पाच निरनिराळी कारणे असू शकतात: दुसऱ्या संगणकापर्यंत पोहोच नसणे, दोघांची भाषा न जुळणे, ओळख न पटणे, अधिकार नसणे आणि फाइलच्या नावातील दोष. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर गुण येत नाही, शिवाय अपाय मात्र शिल्लक राहतो.

प्रथम क्रमांक पाहावा

विंडोजच्या फाइल खिडकीत दिसणारा संदेश लांबलचक आणि बहुधा निरुपयोगी असतो. त्यापेक्षा 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'नेट यूज' ही आज्ञा आणि तिच्यापुढे फोल्डरचा पत्ता रोमन अक्षरांत टंकावा. पत्त्याच्या सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेघा \\ येतात. लिनक्सवर त्याच जागी दोन सरळ तिरक्या रेघा // लागतात. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. उरलेल्यांत ही आज्ञा एक क्रमांक दाखवते. ५३ क्रमांक आला तर पोहोच नाही. १३२६ किंवा ८६ आला तर संगणक भेटला आहे, परंतु नाव किंवा पासवर्ड मान्य झालेला नाही. ५ आला तर ओळख पटली आहे, अधिकार नाही. फाइल खिडकीत दिसणारा ८००७००३५ ने संपणारा दोषही ५३ चेच दुसरे रूप आहे. त्यातील शेवटचे ३५ म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहिलेले ५३.

लिनक्सवर फोल्डर जोडताना ११३ क्रमांक आला तर पोहोच नाही, २ आला तर बहुधा सामायिक फोल्डरचे नाव चुकले आहे, १३ आला तर ओळख किंवा अधिकार यांचा प्रश्न आहे. ११२ हा क्रमांक मात्र फसवा आहे. त्याचा संदेश 'समोरचा संगणक बंद आहे' अशा अर्थाचा असतो, आणि समोर तर तो संगणक चालू दिसत असतो. बहुतेक वेळा येथे भाषेची आवृत्ती जुळलेली नसते. त्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे. क्रमांकाऐवजी 'अशी फाइलप्रणाली जोडणारा साहाय्यक कार्यक्रम नाही' अशा आशयाची तक्रार आली तर 'सिफ्स-युटिल्स' हे पॅकेज बसवायचे राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पोहोच

फोल्डर असलेल्या संगणकाचा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०, शोधून नावाऐवजी त्या पत्त्याने फोल्डर उघडून पाहावा. पत्त्याने उघडत असेल आणि नावाने नसेल तर दोष केवळ नाव ओळखण्याच्या व्यवस्थेत आहे. तोपर्यंत काम पत्त्यावर चालवता येते. विंडोजच्या 'नेटवर्क' यादीत समोरचा संगणक दिसत नाही, याला दोष मानू नये. ती जुनी यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर आधारलेली होती. ती आवृत्ती बंद झाल्यावर यादीही ओस पडली. यादीत न दिसणारा संगणक थेट पत्त्याने व्यवस्थित उघडतो.

'पिंग' करून उत्तर न आल्यास घाबरू नये, कारण विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगलाच उत्तर देत नाही. खरी कसोटी ४४५ क्रमांकाच्या पोर्टची. विंडोजच्या 'पॉवरशेल'मधील 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा पत्ता आणि पोर्ट क्रमांक देऊन चालविली की ते दार उघडे आहे की नाही हे नेमके कळते. दार बंद असल्यास विंडोजमध्ये जोडणी 'पब्लिक' म्हणून नोंदली गेली आहे का ते पाहावे; कार्यालयाच्या विश्वासू जाळ्यासाठी ती 'प्रायव्हेट' असावी. उबंटूवर फायरवॉल चालू असल्यास तिच्यात 'सांबा'ला परवानगी द्यावी.

एक कारण वारंवार आढळते आणि वारंवार निसटते. एक संगणक केबलने जोडलेला असतो आणि दुसरा पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असतो. अशा वाय-फायवर इंटरनेट चालते, परंतु संगणकांना एकमेकांशी बोलण्यास राउटरच मज्जाव करतो. इंटरनेट चालते म्हणजे जाळे ठीक आहे, हा तर्क येथे खोटा ठरतो.

भाषा

विंडोज, लिनक्स आणि मॅक सामायिक फोल्डरसाठी आज एकच भाषा बोलतात. तिचे नाव एसएमबी. लिनक्सला ही भाषा दिली ती अँड्र्यू ट्रिजेल यांनी. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे विद्यार्थी असताना १९९१ च्या अखेरीस त्यांनी या कामास सुरुवात केली. पुढे कार्यक्रमाला नाव हवे म्हणून त्यांनी शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि 'सांबा' हे नाव निघाले. लिनक्सवरील फोल्डर विंडोजला दाखवायचा असेल तर हाच सांबा लागतो.

भाषा एकच असली तरी तिच्या पिढ्या वेगळ्या आहेत. विंडोज एक्सपीला केवळ पहिली पिढी, एसएमबी-१, येते. विस्टाबरोबर दुसरी आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी पिढी आली. मॅकने २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून दुसरीला प्रथम पसंती दिली. मग १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हे खंडणीखोर विषाणूचे आक्रमण झाले. एसएमबी-१ मधील एका छिद्रातून ते शिरले आणि सुमारे १५० देशांतील संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या. हे छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. लस उपलब्ध असून जनावरे दगावावीत, तसाच हा प्रकार.

त्यानंतर एकेका जातीने पहिली पिढी सोडण्यास सुरुवात केली. लिनक्स कर्नलच्या सप्टेंबर २०१७ मधील ४.१३ आवृत्तीने फोल्डर जोडताना आपणहून एसएमबी-१ वापरणे सोडले. विंडोज १० मधून ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून ती काढून टाकली जाऊ लागली. सांबाने सप्टेंबर २०१९ मधील ४.११ आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवली. म्हणून 'काल चालत होते, अपडेट झाल्यावर बंद पडले' ही तक्रार आली की प्रथम भाषेचा संशय घ्यावा. स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकणारी जुनी झेरॉक्स यंत्रे याच कारणाने अचानक मुकी झाली. त्यांच्यावर उपाय म्हणजे उत्पादकाने नवे फर्मवेअर दिले असल्यास ते बसविणे. नसल्यास स्कॅन पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने घेणे.

दोन्ही संगणक पुरेसे नवे असूनही लिनक्सवर ११२ आला, तर फोल्डर जोडण्याच्या आज्ञेत अथवा एखाद्या जुन्या नोंदीत आवृत्ती १.० लिहून ठेवलेली आहे का ते पाहावे. इंटरनेटवरून उचललेल्या जुन्या सूचनांत ती हमखास असते. तेथे ३.० लिहिले की काम होते.

एक्सपीचा संगणक हा स्वतंत्र विषय आहे. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, पण सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याचा कार्यक्रम त्यावरच चालतो, आणि नवा कॅमेरा लाखाच्या घरात जातो. येथे मोह असा होतो, की बाकीच्या दहा संगणकांवर एसएमबी-१ पुन्हा सुरू करावी आणि मोकळे व्हावे. असे कदापि करू नये. एका म्हाताऱ्या बैलासाठी सगळा गोठा उघडा टाकण्यासारखे ते आहे. त्याऐवजी दोन नेटवर्क जोडण्या असलेला एक लिनक्स संगणक मध्यस्थ नेमावा. त्याने थेट केबलने एक्सपीचा फोल्डर जुन्या भाषेत आणि केवळ वाचण्यापुरता जोडून घ्यावा, छायाचित्रे स्वतःकडे उतरवून घ्यावीत आणि इतरांना ती नव्या भाषेत द्यावीत. एक्सपीला इंटरनेट आणि कार्यालयाचे जाळे यांपैकी काहीही दिसता कामा नये. एवढी सोय नसेल तर विषाणूसाठी तपासलेला, त्या एकाच कामासाठी राखलेला पेनड्राइव्ह बरा.

ओळख

दार उघडले आणि भाषा जुळली की समोरचा संगणक विचारतो, 'कोण?' येथील दोष सर्वांत अधिक वेळ खातात, कारण वापरणाऱ्याला आपला पासवर्ड बरोबर आहे याची खात्री असते. तो बरोबर असतोही. फक्त तो दुसऱ्याच कुलपाचा असतो.

लिनक्सवर खाते उघडले म्हणजे सांबात खाते उघडले, असे होत नाही. सांबाची पासवर्ड-वही वेगळी असते आणि तीत 'एसएमबी-पासडब्ल्यूडी' या आज्ञेने प्रत्येक नाव स्वतंत्रपणे चढवावे लागते. विंडोजवर याच्या उलट अडचण येते. आपण रोज चार अंकी पिन घालून संगणक उघडतो आणि लिनक्सवरूनही तोच पिन घालतो. पिन हा त्या यंत्रापुरता असतो, जाळ्यावरून तो चालत नाही. खात्याचा मूळ पासवर्डच लागतो, आणि तो अनेकांना आठवत नाही. ज्यांच्या संगणकाला पासवर्डच नाही त्यांची गत आणखी निराळी. विंडोज अशा कोऱ्या पासवर्डच्या खात्याला जाळ्यावरून प्रवेशच देत नाही. या सर्व कटकटींवर साधा उपाय असा, की फोल्डर असलेल्या विंडोज संगणकावर सामायिक कामासाठी एक वेगळे स्थानिक खाते उघडावे. त्याला प्रशासकाचे अधिकार नसावेत, पासवर्ड मात्र असावा. खात्याचे नाव रोमन अक्षरांत व लहान ठेवावे.

गेल्या दोन वर्षांत एक नवी तक्रार वाढली आहे. लिनक्सवरील किंवा छोट्या नेटवर्क हार्डडिस्कवरील बिनपासवर्डाचा फोल्डर वर्षानुवर्षे चालत होता, आणि नव्या विंडोज ११ वर तो उघडत नाही. 'आपल्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही' अशा आशयाचा संदेश येतो. कार्यालयात असे धोरण कोणीही केलेले नसते, त्यामुळे सर्वजण एकमेकांकडे पाहत राहतात. वस्तुस्थिती अशी, की विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणकांवर प्रत्येक संदेशावर स्वाक्षरीची सक्ती आहे आणि पाहुणा म्हणून जाणे बंद आहे. स्वाक्षरी पासवर्डातून घडते. पाहुण्याकडे पासवर्ड नाही, म्हणून स्वाक्षरीही नाही.

यात उबंटूच्या सांबाची एक खोड भर घालते. अनोळखी नाव आले तर त्याला नकार देण्याऐवजी पाहुणा समजावे, अशी सूचना तेथे आधीच लिहिलेली असते. परिणामी नावातील एक अक्षर चुकले तरी विंडोज पाहुण्यांविषयीची तक्रार करते आणि आपण धोरणे उलथीपालथी करू लागतो. असा संदेश दिसला तर आधी नाव सांबाच्या वहीत खरोखर आहे का, हे पडताळावे. पाहुण्यांना पुन्हा मोकळीक देणारे बदल इंटरनेटवर भरपूर सापडतील. त्यांपेक्षा पासवर्ड लावणे पाच मिनिटांचे काम आहे.

शेवटी १२१९ हा क्रमांक. एकाच संगणकाशी एकाच वेळी दोन नावांनी जोडणी करण्यास विंडोज नकार देते. सकाळी सहकाऱ्याच्या नावाने एक फोल्डर उघडला असेल, तर दुपारी स्वतःच्या नावाने दुसरा उघडत नाही. जुनी जोडणी तोडावी, 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये साठविलेले जुने नाव पुसावे आणि नव्याने प्रवेश करावा.

अधिकार

विंडोजवर सामायिक फोल्डरला दोन फाटके असतात: एक 'शेअरिंग'चे, दुसरे 'सिक्युरिटी'चे. दोहोंपैकी जे अधिक कडक असेल ते लागू होते. एका ठिकाणी पूर्ण अधिकार देऊनही लिहिता येत नसेल, तर दुसरे फाटक पाहावे.

लिनक्सवर फाटके अधिक आहेत. सांबाच्या नियमात परवानगी हवी, फोल्डरच्या मालकी-हक्कांत हवी आणि फोल्डरपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरमधून पुढे जाण्याचा हक्कही हवा. शेवटची अट लोक विसरतात. उबंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे घर-फोल्डर इतरांना बंद असते. त्याच्या आत ठेवलेला सामायिक फोल्डर स्वतः कितीही उघडा असला तरी इतरांसाठी तो बंद घरातल्या उघड्या खोलीसारखा असतो. म्हणून सामायिक सामग्री घरात न ठेवता 'एसआरव्ही' या सार्वजनिक सेवांसाठीच्या फोल्डरखाली ठेवावी. फेडोरावर याशिवाय 'एसइलिनक्स' हा आणखी एक पहारेकरी असतो. फोल्डरवर सांबासाठीची चिठ्ठी लावली नसेल तर तो आत सोडत नाही. नियमावलीत काही बदल केला की 'टेस्टपार्म' ही आज्ञा चालवावी. ती लेखनातील चुका दाखवते.

वाचता येते, परंतु लिहिता येत नाही, या तक्रारीची लिनक्सच्या बाजूने दोन उगमस्थाने आहेत. लिनक्सवरून दुसऱ्याचा फोल्डर जोडताना 'यूआयडी' हा पर्याय दिला नाही, तर सर्व फाइली मुख्य प्रशासकाच्या मालकीच्या दिसतात आणि सामान्य वापरकर्त्याला हात लावता येत नाही. आणि लिनक्सच फोल्डर पुरवत असेल तर एकाने निर्माण केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. त्यासाठी सांबाच्या नियमांत 'फोर्स ग्रुप' आणि 'क्रिएट मास्क' यांनी सर्वांची नवी फाइल एकाच गटाच्या नावे पडेल अशी व्यवस्था करावी.

येथेच 'सर्वांना पूर्ण अधिकार' ही फवारणी केली जाते. तक्रार लगेच थांबते, म्हणून ती लोकप्रिय आहे. कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे फवारे एकापाठोपाठ मारले की बोंडअळीबरोबर मित्रकीटकही मरतात आणि पांढरी माशी उसळते, हे वाचकांना सांगायला नको. पूर्ण अधिकाराचेही तसेच आहे. खंडणीखोर विषाणू ज्या संगणकात शिरतो, त्या संगणकाला जेथे जेथे लिहिण्याचा हक्क आहे तेथपर्यंत तो पोहोचतो. सर्वांना सर्वत्र लिहिता येत असेल तर एका लॅपटॉपची बाधा पाच वर्षांच्या सर्वेक्षणाची बाधा होते. आम्ही त्यामुळे तीन फोल्डर ठेवतो. 'आवक' फोल्डरमध्ये क्षेत्रावरून आलेली सामग्री कोणीही टाकू शकतो. 'मूळ' फोल्डरमध्ये ती एक जबाबदार व्यक्ती हलविते आणि इतरांना तेथे केवळ वाचता येते. 'काम' फोल्डरमध्ये प्रती घेऊन विश्लेषण चालते. 'मूळ'ची एक प्रत आठवड्यातून एकदा बाहेरील हार्डडिस्कवर जाते, आणि ती डिस्क एरवी कोणत्याही संगणकाला जोडलेली नसते.

नाव

फोल्डर उघडतो, इतर फाइली उघडतात, एकच उघडत नाही किंवा प्रत होत नाही. असे असेल तर तिचे नाव पाहावे. हा भाग संगणकाच्या पुस्तकांत थोडक्यात आटोपलेला असतो, परंतु मराठीत आणि कीटकशास्त्रात काम करणाऱ्यांना तो सर्वाधिक छळतो.

विंडोजला नावात \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे चालत नाहीत. लिनक्सला यांपैकी केवळ / वर्ज्य आहे. निरीक्षणाची वेळ १०:३० अशी नावात लिहिली की लिनक्सवर सारे सुरळीत असते, आणि विंडोजवर तीच फाइल काही अगम्य, तोडक्या नावाने दिसते. दुसरा नियम असा, की विंडोजमध्ये नावाच्या शेवटी टिंब चालत नाही. आपण कीटकशास्त्रज्ञ मात्र जाती निश्चित झाली नसेल तर प्रजातीच्या नावापुढे 'एसपी.' असे टिंबासह लिहितो, आणि तेच फोल्डरचे नाव होते. लिनक्सवर केलेला असा फोल्डर विंडोजवरून एक तर विचित्र नावाने दिसतो किंवा उघडतच नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर टिंब अवश्य द्यावे. फोल्डरला देऊ नये. तसेच रोमन नावांत लहानमोठ्या अक्षरांचा भेद लिनक्स पाळतो, विंडोज पाळत नाही. लिनक्सवरील दोन फोल्डर विंडोजला एकच वाटतात. देवनागरीत हा भेदच नसल्याने तेवढी आपली सुटका होते.

देवनागरीची स्वतःची अडचण 'ऱ' या अक्षरात आहे. 'पांढऱ्या माशीची छायाचित्रे' हे नाव घ्या, किंवा 'कऱ्हाड' घ्या. यातील अर्धा ऱ संगणकात तीन प्रकारे साठविला जाऊ शकतो: ऱ या एका संकेताने, साधा र आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. कोणता प्रकार उमटेल ते कळफलकावर अवलंबून असते; कार्यालयातील इनस्क्रिप्ट आणि मोबाइलवरील कळफलक वेगळे वागू शकतात. विंडोज आणि लिनक्स या तिघांना तीन भिन्न नावे मानतात. त्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात, निम्मी छायाचित्रे एकात आणि निम्मी दुसऱ्यात. शोध घेतला तर एकच सापडतो. सध्याच्या मॅकची फाइलप्रणाली पहिले दोन प्रकार एकच समजते, म्हणून असे दोन फोल्डर तेथे उतरवताना एकमेकांवर आदळतात. जोडणी बरोबर असूनही सामग्री 'हरवते' ती अशी. अशा वेळी नाव नव्याने न टंकता जुन्या फोल्डरवरून नक्कल करून चिकटवावे.

दुसरी गोष्ट लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटचे. देवनागरीचा प्रत्येक संकेत, मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइटचा. 'सोयाबीनवरील' या एका शब्दात अकरा संकेत आहेत, म्हणजे ३३ बाइट. अशा हिशेबाने मराठी नावाला ८५ संकेत मिळतात. विंडोज मात्र एका नावात २५५ संकेत घेते. गाव, तालुका, पीक, कीड, अवस्था आणि दिनांक असे सगळे लिहिलेले नाव विंडोजवर सुखाने राहते आणि लिनक्सवर प्रत घेताना 'नाव फार लांब आहे' म्हणून अडते. विंडोजलाही मर्यादा आहे, ती संपूर्ण वाटेची. अनेक कार्यक्रम २६० संकेतांपलीकडे जात नाहीत. फोल्डरात फोल्डर असे सहा स्तर मराठी नावांनी रचले की ती सहज ओलांडली जाते.

यावर आम्ही पाळत असलेली पद्धत अशी: नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक, पिकाचा लहान संकेत आणि अनुक्रमांक, एवढेच. उदाहरणार्थ, २०२५०८१४-मका-०१७. अंक एक तर सर्वत्र देवनागरी किंवा सर्वत्र इंग्रजी ठेवावेत, सरमिसळ नको. गाव, शेतकऱ्याचा गट, किडीची अवस्था, निरीक्षकाचा शेरा हे सर्व त्याच अनुक्रमांकाने तक्त्यात लिहावे. फाइलचे नाव ही नोंदवही नव्हे.

मदत मागताना

इतके करूनही फोल्डर उघडला नाही तर संगणक विभागाला किंवा जाणकार मित्राला विचारावे लागते. 'चालत नाही' एवढे कळविल्यास तोही अंदाजानेच औषध देईल. रोगट पानाचा नमुना पाठविताना आपण पीक, वाण, वय आणि फवारणीचा इतिहास कळवितो. तसे येथे दोन्ही संगणकांच्या कार्यप्रणाली व त्यांच्या आवृत्त्या, फोल्डर कोणत्या संगणकावर आहे, आयपी पत्त्याने उघडतो का, ४४५ चे दार उघडे आहे का, आलेला नेमका क्रमांक, आणि तक्रार सुरू होण्यापूर्वी काय बदलले होते, एवढे लिहावे. लिनक्सवर १३ आला असेल तर कर्नलच्या नोंदीतील शेवटच्या काही ओळीही जोडाव्यात. 'डीमेसेज' या आज्ञेने त्या दिसतात आणि नकार पासवर्डमुळे आहे की अधिकारामुळे, हे त्यांत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. तपासणीपुरती फायरवॉल बंद केली असेल किंवा एखादा अधिकार वाढविला असेल, तर तेही वेळेसह लिहून ठेवावे, म्हणजे काम झाल्यावर तो बदल आठवणीने मागे घेता येईल. खरीप सर्वेक्षण सुरू होण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, कार्यालयातील प्रत्येक संगणकावरून सामायिक फोल्डरमध्ये एक लहान फाइल टाकून, उघडून आणि पुसून पाहण्याची चाचणी घ्यावी. तिला अर्धा तास पुरतो.